वय 20, आता रग्बी सेव्हन्स सुरू करून उपयोग आहे का?

प्रश्न : माझा मुलगा शाळेपासून कबड्डी खेळतो. 2025 ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती त्याने बघितली आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, मला सेव्हन्समध्येच (सात-सात जणांची रग्बी) करिअर करायचंय. एवढ्या उशिरा जमतं का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुलाला जेरी तुवाई कोण ते विचारा, डोळे चमकतील बघा त्याचे. फिजीत राजधानी सुवाजवळच्या न्यूटाउन वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत वाढलेला पोरगा, देशाच्या टीममध्ये आला तो 2014 ला, वयाच्या 25 व्या वर्षी. आणि मग 2016 ला रिओत फायनलमध्ये ब्रिटनला 43-7 हरवून गोल्ड, फिजीला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं मेडल, पुढे टोकियोला हाच कॅप्टन आणि परत गोल्ड, पॅरिसला सिल्व्हर मिळालं तेव्हा पठ्ठ्या 35 चा होता!

पण खरं सांगायचं तर तो 25 ला टीममध्ये आला, खेळायला 25 ला नाही लागला, फिजीत पोरं चालायला लागली की रग्बीच खेळतात. आणि टोकियोच्या आधी कोविडमुळे ती टीम जवळपास पाच महिने बायकापोरांपासून लांब राहिली होती, ही बाजू मेडलच्या फोटोत दिसत नाही, मुलाला ती पण सांगा.

तुमच्या मुलाकडे कबड्डी आहे ही मोठी जमेची बाजू. समोरच्याला अंगावर घ्यायची भीती गेलेली असते. दम मात्र वेगळा लागतो, ग्राउंड पंधरा जणांच्या रग्बीएवढंच मोठं आणि खेळायला सातच जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, वर एका दिवसात दोन-तीन मॅच.

पैशाचं म्हणाल तर आपल्याकडे नुसत्या रग्बीवर घर चालेल असं मी तरी सांगणार नाही. पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कॅप्टन झाली, ती फिजिओथेरपिस्टही आहे. तेव्हा कॉलेज सोडू देऊ नका, बाकी खेळू दे मनसोक्त.

आणि हो, कबड्डीतली पकड इथे जशीच्या तशी चालत नाही, समोरच्याच्या खांद्याच्या वर धरलं की फाउल, डोकं चुकीच्या बाजूला राहिलं तर मानेला इजा. चांगला कोच बघा, माउथगार्ड घ्या, आणि पहिले एक-दोन महिने नुसतं टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) शिकू दे, मॅचची घाई नको.