पडीक काजूबाग तशीच सोडली तर तिथं जंगल येईल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली वडिलोपार्जित काजूबाग दहा वर्षं पडीक आहे, रानमोडी हे झुडपी तण डोक्याच्या वर गेलंय; जेसीबीनं साफ करून देशी रोपं लावू की तशीच सोडू, असं तुम्ही विचारलंय.

जेसीबी लावू नका, अगदी कळकळीनं सांगतो. वर काही दिसत नसलं तरी निम्मं जंगल जमिनीखाली शिल्लक असतं. काजूसाठी तोडलेल्या किंदळ, ऐन, कुंभा या रानझाडांचे खुंट वर्षानुवर्षं बेणले तरी मुळातून जगतात आणि कोयता थांबला की फुटतात. अशा जमिनीवर अनुक्रमण, म्हणजे टप्प्याटप्प्यानं रान परत येणं, भराभर होतं. डिचोली, सांगे भागातले खाणींचे ढिगारे बघा. तिथं ना खुंट, ना बी, ना धड माती. हिरवं दिसावं म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशिया लावावी लागली. जेसीबी फिरवला की तुमची बाग त्या ढिगाऱ्यांच्या वाटेला लागते.

रानमोडी मूळची अमेरिकेतली. उन्हात तिला कोणी आवरत नाही, पण सावली तिला सोसत नाही. तेव्हा कोयता घेऊन आत शिरा आणि वर डोकं काढू पाहणारी झाडं शोधा. पहिला बहुधा चांदाडा भेटेल: तळहाताहून मोठं गोल पान, आणि देठ कडेला नाही तर पानाच्या पोटाला चिकटलेला, ढालीच्या मुठीसारखा. त्याच्याभोवतीची रानमोडी हातानं कापा, बाकीची राहू द्या. चांदाडा झटपट वाढून सावली धरतो, रानमोडी विरळ होते आणि त्या सावलीत सावकाश वाढणारी झाडं बस्तान बसवतात.

जुने काजूही तोडू नका. बुलबुल कुठंतरी फळं खाऊन त्यावर येऊन बसतात आणि खाली बी टाकतात. मोठ्या बिया आणायला मात्र धनेश, वटवाघळं, कांडेचोर लागतात, म्हणून जवळ देवराई किंवा जुनं रान किती अंतरावर आहे हे फार महत्त्वाचं. क्लेमेंट्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये मांडलं होतं की त्या त्या हवामानात अनुक्रमणाचा शेवट ठरलेला असतो. ग्लीसन या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये त्याला हरकत घेतली: कोणतं बी पोचलं, कोणतं रुजलं यावर बरंच ठरतं. आपल्या डोंगरांवर मला ग्लीसनचंच पटतं. दोन शेजारच्या पडीक बागा वीस वर्षांनी सारख्या दिसतीलच असं नाही.

खरा शत्रू आग. फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानमोडी वाळून कोळ झालेली असते. एक ठिणगी पडली की कोवळी झाडं मरतात, रानमोडी मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते. दरवर्षी असंच झालं तर बाग तिथंच अडकून पडते. मार्च २०२३ मध्ये सत्तरीतल्याच म्हादई अभयारण्यात आगी लागून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रोपांवर घालणार होता ते पैसे जाळरेषेवर घाला. डिसेंबर-जानेवारीत हद्दीनं चांगला रुंद पट्टा बेणून पाचोळा ओढून घ्या, आणि उन्हाळाभर त्यावर लक्ष ठेवा.

एक राहिलं. बागेचा वरचा तुकडा उघड्या जांभ्याच्या सड्यावर असेल तर तिथं जंगलाची वाट बघू नका. पावसात पाणी तुंबतं, नंतर कातळ तापतो, माती बोटभरही नसते. तिथं श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, तेच त्या जागेचं खरं रान आहे. तिथं खड्डे मारून झाडं लावू नका.