जनरलाइज्ड एंग्झायटी आणि ओसीडी यांत फरक काय? भाऊ सारखा ‘गॅस बंद केलास ना?’ विचारतो, त्याला दर वेळी ‘हो’ म्हणावं का?

फरक थोडक्यात सांगते. जनरलाइज्ड एंग्झायटीत काळजीचे विषय रोजचेच असतात: नोकरी, तब्येत, पैसा, मुलं. पण ती काळजी आवरत नाही आणि 6 महिने किंवा जास्त काळ टिकते. झोप उडते, अंग आखडतं, चिडचिड होते. ओसीडीत नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो आणि त्यातून सुटायला काहीतरी करावंच लागतं. तपासणं, धुणं, मोजणं, आणि विचारणंसुद्धा. 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तकात, ओसीडीला एंग्झायटीच्या गटातून काढून वेगळं प्रकरण दिलं. पॅनिक अटॅक दोन्हींत येऊ शकतो, त्यावरून काही ठरत नाही.

आता तुमच्या भावाचं. माझ्या नवऱ्याला गाडी चालवताना खड्ड्यात चाक आदळलं तरी वाटायचं, कुणाला तरी उडवलं. तो वळून तीच जागा बघून यायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर, ‘गाडीखाली कुणी आलं नाही ना?’ मी ‘नाही रे’ म्हणायचे, तो शांत व्हायचा, आणि दिवा मालवेपर्यंत पुन्हा तोच प्रश्न. पुढे पुढे तो मला शेजारी बसवल्याशिवाय गाडी काढेना.

थेरपिस्टने पहिलं काम मलाच दिलं: उत्तर देणं बंद. नवऱ्यासमोर बसून तिघांनी ठरवलं की त्याने विचारलं तर मी म्हणायचं, ‘हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही.’ हे ऐकून माझी नणंद जी भडकली! ‘एक नाही म्हणायला तुझं काय जातं? माझ्या भावाला तळमळत ठेवतेस?’ वन्सं, जातं ते त्याचंच. दर ‘नाही’मागे त्याच्या मेंदूची समजूत पक्की होते की धोका खरा होता, बायकोला विचारलं म्हणून टळला. न विचारता ती तगमग सोसली की ती हळूहळू आपोआप उतरते, हे त्याला अनुभवायलाच मिळत नाही. ईआरपी नावाची थेरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण तपासणं-विचारणं टाळायचं, उभी आहे ती याच पायावर. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, पण आज तो एकटा गाडी चालवतो. आणि माया मीही करते, फक्त उत्तरं देत नाही.

मात्र हे माझं वाचून उद्यापासून भावाला एकदम तोडून टाकू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून निदान करून घ्या, आणि जे ठरेल ते त्याच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर थेरपीच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. गोळ्या दिल्या तर ओसीडीत पुरता फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. महिन्याभरातच ‘काही उपयोग नाही, बंद कर त्या’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्याकडचं कोण, ते वर आलंच आहे.