भूल दिल्यावर हात लावलेला कळतो, पण दुखत नाही. असं कसं?

तुमचा प्रश्न असा : कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली की पोटावर हात लावलेला कळतो, आत ओढाताण जाणवते, पण दुखत नाही. म्हणजे भूल नीट चढली नाही का? आणि लोकल, स्पायनल, जनरल यांत नेमका फरक काय?

बहुतेक वेळा भूल नीटच चढलेली असते. आपले सगळे मज्जातंतू एका जाडीचे नसतात. वेदना आणि गार-गरम यांची जाणीव नेणारे तंतू बारीक, स्पर्श आणि दाब नेणारे जाड, स्नायू हलवणारे त्याहून जाड. बधिर करणारं औषध तंतूच्या भिंतीतली सोडियमची दारं अडवतं, मग संदेश पुढे सरकत नाही. बारीक तंतू थोड्या औषधातही बंद पडतात, जाड तंतूंना जास्त लागतं. म्हणून आधी पाय गरम वाटतात (रक्तवाहिन्या सैलावतात), मग गारवा कळेनासा होतो, मग टोचणं, सगळ्यात शेवटी स्पर्श आणि हालचाल. भूल किती वर चढली हे भूलतज्ज्ञ बर्फाने किंवा स्पिरिटच्या गार बोळ्याने तपासतात, ते याचसाठी. सिझेरियनला ती साधारण स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत लागते, बेंबीपर्यंत चढून भागत नाही.

पोटातली ओढाताण कळण्याला आणखी एक कारण आहे. पोटातल्या अवयवांना जाणारी व्हेगस नस थेट मेंदूतून निघते, कण्यातून नाही. कमरेतलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून ओढल्यासारखं वाटतं, मळमळतं. मात्र 'ओढतंय' आणि 'दुखतंय' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुखत असेल तर संकोच न करता त्याच क्षणी सांगायचं.

स्पायनलमध्ये, म्हणजे तुम्ही विचारलेल्या कमरेतल्या भुलीत, अगदी बारीक, २५ ते २७ गेजची सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून घालतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे 'सुई मज्जारज्जूला लागेल' ही भीती त्या जागी अनाठायी. पाठीच्या पाण्यात (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) जेमतेम २ ते ३ मिली बुपिवाकेन (०.५ टक्के) हे बधिर करणारं औषध जातं. त्यात डेक्स्ट्रोज (साखर) मिसळून ते त्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं, म्हणून टेबल कलतं करून भूल वरखाली सरकवता येते. काही मिनिटांत पाय जड होतात, असर दोनेक तास राहतो. सर्रास होणारा त्रास म्हणजे रक्तदाब उतरणं. सलाईन आणि रक्तदाब वाढवणारं फिनाइलएफ्रिन किंवा एफेड्रिन हाताशी ठेवतात.

सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहिलं तर एक-दोन दिवसांनी डोकं दुखतं. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची खूण. पाणी, वेदनाशामक, कॉफी यांवर ते बरेचदा निभावतं. तीव्र असेल तर रुग्णाचंच सुमारे २० मिली रक्त त्या जागी पाण्याच्या पिशवीबाहेरच्या (एपिड्युरल) पोकळीत सोडून गळती बुजवतात.

एपिड्युरलमध्ये औषध पाण्यात नाही, त्याच्या पिशवीबाहेर जातं. म्हणून औषध जास्त लागतं, असर यायला १५-२० मिनिटं लागतात. पण बारीक नळी आतच ठेवत असल्याने हवं तितका वेळ औषध देता येतं. प्रसूतीकळांसाठी तीच सोयीची.

लोकलकडे, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनकडे, लोक हलकं म्हणून बघतात. मला ते पटत नाही, कारण इथे मात्रेचं गणित चुकू शकतं. लोकलसाठीच्या साध्या लिग्नोकेन या औषधाची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम धरणं सुरक्षित. २ टक्के म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ९ मिली. ॲड्रेनलिन मिसळलं तर औषध रक्तात हळू जातं, मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत वाढते. औषध जास्त झालं किंवा चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कान वाजतात, पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडते. त्यावर २० टक्के लिपिड (स्निग्ध पदार्थाचं द्रावण) शिरेतून देतात.

पू झालेल्या दाढेला लोकल नीट लागत नाही ती डॉक्टरची चूक नव्हे. सुजलेल्या जागी आम्लता जास्त असते, आणि आम्लात हे औषध तंतूच्या आत शिरू शकत नाही.

जनरलमध्ये बधिरपणा हा मुख्य मुद्दाच नाही. शुद्ध हरपवायला प्रोपोफॉल, वेदनेला फेंटानिल, स्नायू सैल करायला व्हेक्युरोनियमसारखं औषध, आणि मग श्वास यंत्रावर. शुद्ध हरपली की श्वासनलिका झाकणारी प्रतिक्षिप्त क्रियाही जाते आणि पोटातलं अन्न फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून हलकं खाणं ६ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. स्पायनल ठरली असेल तरीही हेच पाळायचं, कारण ती अपुरी पडली तर टेबलावरच जनरल द्यावी लागते. घोटभर चहा घेतला असेल, दुधाचा असेल तर विशेषच, तो लपवू नका; दूध पोटात अन्नासारखंच रेंगाळतं.