एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये बँड-पास फिल्टरचा (वारंवारतांचा एकच पट्टा पुढे सोडणारं सर्किट) पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, कसा फिरवायचा, आणि डिकेडला 20 पॉइंट घेतल्यावर पीकची (आलेखातल्या शिखराची) उंची दर वेळी वेगळी का येते?

तुमचं सर्किट एका ऑप-अँपचं (ॲम्प्लिफायर चिप), मल्टिपल फीडबॅक पद्धतीचं आहे असं धरतो: इनपुटला आर१, आउटपुटकडून परत येणारा आर३ आणि दोन सारखे कपॅसिटर सी. त्यात ग्राउंडला जाणारा आर२ एकटा बदलला, तर फक्त मध्य-वारंवारता सरकते. बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी) आर३ आणि सी ठरवतात, पीकवरचा गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) आर३ भागिले दुप्पट आर१. म्हणजे पीकची उंची बदलायलाच नको!

मी अशी व्हॅल्यू घेतो: दोन्ही कपॅसिटर 10 नॅनोफॅरड, आर१ 159 के, आर३ 318 के. बँडविड्थ 100 हर्ट्झ, गेन 1. आर२ साधारण 800 ओहम ठेवला की पीक 1 किलोहर्ट्झवर येतं.

पॉट म्हणून वेगळा सिम्बॉल शोधत बसू नका. आर२च्या व्हॅल्यूच्या जागी महिरपी कंसात एक नाव लिहा आणि स्टेप पॅराम कमांडने ते 180 ओहमपासून 5.18 केपर्यंत न्या (180चा फिक्स रेझिस्टर आणि 5 केचा पॉट सिरीजमध्ये). पीक 2.1 किलोहर्ट्झवरून 400 हर्ट्झपर्यंत उतरतं. वारंवारता आर२च्या वर्गमुळाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे सारख्या अंतराच्या स्टेप घेऊ नका, ऑक्टेव्हच्या (दुपटीच्या हिशेबाने) घ्या.

आता उंची. तुमच्या एसी ॲनालिसिसमध्ये (वारंवारता बदलत आउटपुट काढणं) दर डिकेडला, म्हणजे वारंवारतेच्या दर दहापटीला, 20च पॉइंट आहेत. 1 किलोहर्ट्झपाशी दोन पॉइंटमध्ये साधारण 120 हर्ट्झचं अंतर पडतं, आणि अख्खी बँडविड्थच 100 हर्ट्झ! पीक दोन पॉइंटच्या मधोमध सापडलं तर आलेखात जवळपास 4 डीबी कमी दिसतं. सर्किट बिचारं ठीकच आहे. डिकेडला 1000 पॉइंट द्या, सगळी पीक एका रांगेत येतील.

त्यानंतरही वारंवारता गणितापेक्षा खाली आली तर ऑप-अँप बघा. बँडविड्थ स्थिर, म्हणजे वर जाल तसा क्यू (मध्य-वारंवारता भागिले बँडविड्थ) वाढणार: 2.1 किलोहर्ट्झला तो 21 होतो. 1 मेगाहर्ट्झ जीबीडब्ल्यूचा (गेन आणि बँडविड्थचा गुणाकार, ऑप-अँपच्या वेगाचं माप) ऑप-अँप तिथे सुमारे 4 टक्के खाली घसरतो, 10 मेगाहर्ट्झचा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. मॉडेलमध्ये ही व्हॅल्यू लिहिताना 'मेग' लिहा. स्पाइसमध्ये नुसता 'एम' म्हणजे मिली, कॅपिटल असला तरी.

ट्रान्झियंट (वेळेनुसार सिग्नल दाखवणारं ॲनालिसिस) चालवणार असाल तर पहिले 16 मिलिसेकंद सोडून द्या, तेवढ्यात आउटपुट स्थिरावतं.