पुरामुळे सोसायटीची निवडणूक ‘रद्द’ झाल्याचे फोनवर कळवले असेल तर

सायखेड्याजवळच्या आपल्या विकास सोसायटीचे मतदान पुरामुळे रद्द झाल्याचे आदल्या दिवशी फोनवर कळवण्यात आले, तर आता उमेदवारी अर्ज नव्याने भरावे लागतील का, हा आपला प्रश्न वाचला. मी वकील नाही; नाशिकमधील एका पतसंस्थेचा कारभार अनेक वर्षे जवळून पाहिला आहे, तेवढ्याच आधारावर लिहितो.

अर्जांचे नंतर पाहा, आधी लेखी आदेश मागा. नाशिकच्या गोदाघाटावरचा, पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती पाण्यात बुडाला होता त्या पावसाळ्यात आम्हालाही एका कार्यालयाने ‘निवडणूक पुढे गेली’ असे तोंडीच सांगितले, आदेशाची प्रत मागितली की ‘वरून येईल’ म्हणून बोळवण केली, आणि मंडळाची मुदत संपताच, पुढे ढकलल्याचा आदेशच दप्तरी नाही असे सांगून त्याच कार्यालयाने प्रशासक बसवला. बँकेतील सह्यांचे अधिकार बदलेपर्यंत कर्जवाटप अडून राहिले आणि सभासदांची बोलणी मात्र आम्ही खाल्ली.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधील कलम 73 कक नुसार दुष्काळ, पूर, आग, इतकेच काय, पावसाळ्याच्या कारणावरूनही निवडणूक पुढे ढकलता येते. परंतु तो अधिकार राज्य शासनाचा असून कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि मुदत एका वेळी सहा महिने व एकूण एक वर्ष यापलीकडे जात नाही. (दुरुस्त्या होत असतात, म्हणून ताजा मजकूर तपासावा.) आदेशात ‘आहे त्या टप्प्यावर’ स्थगिती असे शब्द असतील, तर माझ्या समजुतीप्रमाणे वैध ठरलेले अर्ज कायम राहतात आणि कार्यक्रम तेथूनच पुढे सुरू होतो.

आपण दाखला दिलेले लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 चे कलम 57 लोकसभा-विधानसभेसाठी आहे. तेथे नैसर्गिक आपत्तीत केवळ त्या केंद्रावरचे मतदान तहकूब होते, झालेली मते टिकतात आणि ते मतदान पूर्ण होईपर्यंत मतमोजणी होत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे असतो. सोसायटीच्या अर्जात ही कलमे घातली, तर अर्ज फेटाळायला आयते निमित्त मिळते.

दोन-चार गावांत पाणी शिरले म्हणून तालुक्यातील सगळ्याच संस्थांच्या निवडणुका लांबवणे मला पटत नाही. त्यात विद्यमान संचालकांचीच सोय होते. आदेश हाती येईपर्यंत मतदान केंद्राच्या इमारतीचा तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत जोडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.