वाचलेलं लक्षात राहत नसेल, तर वाचायचं कशासाठी?

तुम्ही लिहिलंय, निवृत्तीनंतर नाशिकला आलात, सार्वजनिक वाचनालयाचे सभासद झालात, वाचता भरपूर. पण दोन महिन्यांनी कादंबरीतल्या नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. उलट लहानपणी पाठ केलेले मनाचे श्लोक आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. मग आत्ताचं वाचन वाया जातंय का?

नाही, वाया जात नाही. तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये, मला ते खरंच तसं वाटतं.

आधी श्लोकांचं. 205 श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तातले. चरणात अक्षरं बारा, आणि लघु-गुरु-गुरु हा एकच तुकडा चार वेळा. एका शब्दाऐवजी भलताच शब्द आला की जीभ अडखळते. अर्थ लक्षात यायच्या आधी चूक कानाला कळते. शिवाय हे श्लोक आपण एकट्याने, मनातल्या मनात वाचले नव्हते. तिन्हीसांजेला घरातल्या सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटले, तेही वर्षानुवर्षं. समर्थांनी आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलं असं परंपरा मानते. त्याच भागात माझी आई वाढली. तिला अर्थ फार उशिरा कळला म्हणते, पण चाल आणि शब्द तोवर पक्के बसले होते.

गद्याला असा आधार नसतो. तिथे मन शब्द सोडून देतं, आशय धरतं, आणि तो आशयही आपल्या ओळखीच्या गोष्टींनी भरून काढतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी यावर काम केलं, ते 1932 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि पुढे वेगवेगळ्या अंतराने आठवून लिहायला सांगितली. वाचकांच्या लिखाणात कथेतली छोटी होडी साधी बोट झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, अनोळखी आणि गूढ तपशील गळून गेले. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने कथा आपल्या जगात नांदेल अशी करून घेतली होती.

गंगापूर रोडला आमचा एक छोटा वाचनगट आहे. एकदा आम्ही आदल्या वर्षी वाचलेली एक कथा पुस्तक न उघडता आठवायला बसलो. एका ताईंना त्यातली सासू फार जाचक आठवत होती, आणि कथेत सासू नव्हतीच! दुसऱ्या एका काकांना नायक शेवटी गावी परततो हे पक्कं आठवत होतं. छापील कथेत तो स्टँडवर बसूनच राहतो. काका स्वतः गाव सोडून आलेले. त्या संध्याकाळी मला ती कथा जितकी कळली तितकी वाचताना कळली नव्हती. पुस्तक माणसाच्या आत गेल्यावर त्याचं काय होतं, ते समोर दिसत होतं.

आता विसरण्याबद्दल. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये निष्कर्ष मांडले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा, मग पुन्हा पाठ करायचे. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, हे त्याचं म्हणणं सगळे सांगतात. मला त्याची मोजण्याची पद्धत जास्त मोलाची वाटते. किती आठवलं हे तो मोजत नव्हता, दुसऱ्यांदा पाठ करताना कष्ट किती वाचले हे मोजत होता. महिन्याभरानंतरही साधारण पाचवा हिस्सा कष्ट वाचत होते. पुढे तर तरुणपणी पाठ केलेली बायरनच्या कवितेची कडवी त्याने 22 वर्षांनी परत घेतली. ती पार पुसली गेली असं वाटत होतं, तरी नव्या कडव्यांपेक्षा लवकर पाठ झाली. म्हणजे आठवत नाही याचा अर्थ उरलं नाही, असा होत नाही. तुम्ही ती कादंबरी पुन्हा हातात घेतलीत तर दहा पानांतच हे जाणवेल.

तरीही थोडं जास्त हाताशी राहावं असं वाटत असेल, तर पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. वही घालाच असं नाही. रात्री जेवताना वहिनींना आजची पानं तोंडी सांगितलीत तरी चालेल. त्या मध्येच "पण ती असं का वागली?" म्हणून विचारतील, त्याचं उत्तर शोधताना प्रसंग पक्का होतो. वसंत व्याख्यानमालेलाही दोघं जोडीने जा, आणि परतताना रिक्षात वक्ता काय म्हणाला ते एकमेकांना सांगा. दोघांचं जुळणार नाही. तिथे घाईने कोण बरोबर ते ठरवू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.