एच-इंडेक्स ४४ की १६? लेकीने कुठला गाईड घ्यावा?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी न्यूरोसायन्समधे एमएस्सी झालीये आणि वेदना या विषयातच पीएचडी करायची म्हणते. दोन गाईड तयार आहेत. एका सरांचे २१० पेपर, एच-इंडेक्स ४४, दुसऱ्या मॅडमचे ३५ पेपर आणि १६. घरातले सगळे म्हणतात सरांकडेच जा, तिचं मन मॅडमकडे ओढतंय. हे आकडे नक्की काय सांगतात? – एक पालक, सातारा

उत्तर: दादा, आधी एच-इंडेक्सचा हिशोब बघू. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हर्श या फिजिक्सवाल्याने २००५ साली तो मांडला. सगळे पेपर साईटेशनच्या, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमधे त्यांचा किती वेळा संदर्भ दिला त्याच्या, उतरत्या क्रमाने लावायचे, समजा ४०, १८, ९, ५, ३ असे आहेत, तर चौथ्या पेपरला निदान ४ साईटेशन आहेत पण पाचव्याला ५ नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. आता त्या पहिल्या पेपरला ४० च्या जागी ४००० असती तरी उत्तर ४च! शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, खाली येत नाही, त्यामुळे सरांची नोकरी ३० वर्षं झाली असेल आणि मॅडमची १० तर ४४ आणि १६ शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

साईटेशन कशासाठी मिळालंय ते बघायला लागतं. तुमच्या लेकीच्या विषयातलंच सांगते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ ला 'सायन्स' या जर्नलमधे गेट कंट्रोलची थिअरी मांडली. पायाची करंगळी पलंगाला आपटली की आपण पटकन चोळतो आणि कळ कमी होते, कारण स्पर्शाचे सिग्नल मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, अशी ती कल्पना. त्यांनी काढलेल्या मज्जारज्जूतल्या नसांच्या जोडणीचे, म्हणजे सर्किटचे, तपशील पुढे सगळे टिकले नाहीत, म्हणजे त्यांना खोडून काढणाऱ्यांनीही तोच पेपर साईट केला, पण मज्जारज्जू नुसती वायर नाही हे लोकांना पटलं ते त्यामुळेच. याच मेलझॅकनी १९७५ ला मॅकगिल पेन क्वेश्चनेअर ही वेदनेची प्रश्नावली दिली, त्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेत. आपण नाही का डॉक्टरला सांगत, ठणका लागलाय, चमक येते, आग होते, मुंग्या येतात, तसंच. हा पेपरही हजारो वेळा साईट झालाय, पण बरेचदा कारण एवढंच की ज्याने ती प्रश्नावली वापरली त्याने नाव दिलं. दोन्ही कामं मोठी, पण दोन्हीकडच्या साईटेशनचा अर्थ वेगळा.

आणि एक गोष्ट जी मला आजही अस्वस्थ करते. १९८० ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे बॉस्टनहून आलेलं पाच वाक्यांचं पत्र छापलं गेलं. हॉस्पिटलमधे अफूवर्गातली वेदनाशामक औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटपैकी, ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशा फक्त ४ जणांना ते लागल्याची नीट नोंद सापडली, बस एवढंच. २०१७ मधे कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तर ते पत्र ६०८ वेळा साईट झालेलं, त्यातल्या ४३९ जणांनी ते व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून दिलेलं, आणि हे पेशंट हॉस्पिटलमधे भरती होते हे ४९१ जणांनी लिहिलंच नव्हतं! घरी महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्या पत्रात एक शब्द नाही, तरी त्याच्या आधारावर अमेरिकेत डॉक्टरांची ही औषधं लिहून देण्याची भीती कमी केली गेली आणि पुढे किती घरं उद्ध्वस्त झाली. ६०८ हा आकडा कुणाच्या प्रोफाईलवर काय भारी दिसला असता.

तर लेकीला सांगा, दोघांचेही गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ. त्यातले रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे पेपर, बाजूला ठेव, कारण रिव्ह्यूला साईटेशन तशीही जास्त मिळतात. उरलेल्यांत गाईडचं नाव शेवटी आणि विद्यार्थ्याचं पहिलं असे किती आहेत ते मोज, म्हणजे लॅबमधे मुलांच्या हातून काम होतं का ते कळेल. मग प्रत्येकाचा एक पेपर घेऊन तो साईट करणारे चार-पाच पेपर उघड आणि त्यांनी तो नेमका कशासाठी घेतलाय ते वाक्य वाच. दोघांची तुलना करताना आकडे एकाच ठिकाणचे घे, साईटेशन मोजणाऱ्या गूगल स्कॉलर आणि स्कोपस या दोन साईटपैकी गूगल स्कॉलरवर ते बहुतेक वेळा जास्तच दिसतात. आणि जुन्या विद्यार्थ्यांना मेल कर, सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळ भेटतात एवढं विचार. मॅडमचे ३५ पेपर यात नीट उतरले तर घरच्यांनी तिला अडवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.